उंट कोण आणि गाढव कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन लिहिणाऱ्या हौशी मंडळींवर एक लेख आला होता, त्याबद्दल हे पत्र. लेखात आम्हाला "अहो रूपम् अहो ध्वनिः" म्हटलंय. म्हणजे उंटाच्या लग्नात गाढवं गायला बसतात, गाढवं म्हणतात काय रूप आहे, उंट म्हणतो काय आवाज आहे, तसं आमचं एकमेकांची पाठ थोपटणं चालू असतं. खरं तर राग यायला हवा होता पण तेवढा वेळच मिळाला नाही, कारण सकाळी साडेसातला कुणीतरी लेखाचा फोटो आमच्या गटात टाकला आणि आठ वाजेपर्यंत आपल्यातला उंट कोण आणि गाढव कोण यावर जोरदार जुंपली. सुभाषितात गातात ती गाढवं, सबब कविता करणारे सगळे तिकडे, असं गद्यवाल्यांचं म्हणणं. त्यावर आमच्या कवयित्रीबाई म्हणाल्या की चालेल, पण मग ज्याची मान लांबच लांब आणि चाल संथ तो उंट म्हणजे दीर्घकथा लिहिणारी व्यक्ती, नाव सांगायला नको. ती व्यक्ती म्हणजे मी.

तर हे उंटाचं पत्र समजा.

लेखकाचा मुद्दा असा की आम्ही न वाचताच "वा वा, छान" करतो. हे काही प्रमाणात खरं आहे हो, नाकारत नाही. अंगठा दाखवायला काय लागतं, दोन सेकंद. "पुलेशु" लिहायला तीन. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुढील लेखनास शुभेच्छा. आमच्यात याचा अर्थ बऱ्याचदा "वाचलं नाही पण तुमच्याशी भांडण नाही" असा होतो.) पण लेखकाने फक्त कौतुक पाहिलं, चेष्टा पाहिलीच नाही. आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. कौतुक न वाचता करता येतं, पण नेमकी चेष्टा करायची तर आधी वाचावं लागतं, तेही नीट.

माझंच उदाहरण देते. पहिली कथा टाकली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, टाकली आणि फोन पालथा करून ठेवला, धीरच होईना. सकाळी पाहिलं तर एकच प्रतिसाद, आमच्यातल्या एका काकांचा, ज्यांना मी तेव्हा ओळखतही नव्हते. लिहिलं होतं, "ताई, कथा आवडली. 'आणी' हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि अकराही वेळा चुकला आहे, हे सातत्य वाखाणण्याजोगं." पहिल्यांदा कान गरम झाले. मग लक्षात आलं की या माणसाने मोजलंय! म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेला असणार. घरातल्यांनी सुद्धा पूर्ण वाचली नव्हती हो ती कथा, नवऱ्याने "नंतर वाचतो" म्हटलं होतं, ते नंतर अजून यायचंय.

काकांनी मग नियमही समजावला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, त्यात शब्दाच्या शेवटचा इकार उकार दीर्घ लिहायचा असं आहे, म्हणून कवी, गुरू, पाटी, जादू. पण "आणि" आणि "नि" हे दोघं अपवाद, ते ऱ्हस्वच. शाळेत हे कुणी शिकवलं असेलही, पण डोक्यात बसलं ते त्या अकरा मुळे. आजही "आणि" टाइप करताना मला काकांचा अदृश्य चष्मा दिसतो.

नंतर तर मीच सराईत झाले, चेष्टा करून घ्यायला. माझ्या लांबलेल्या कथेत दुसऱ्या भागात नायिकेचे वडील वारले होते, ते मी विसरले आणि पाचव्या भागात त्यांचा फोन आला, "जेवलीस का बाळा" वगैरे. गटातल्या एका पोराने लिहिलं, "वडिलांचा फोन आला हे वाचून भरून आलं, तिकडे रेंज येते हे माहीत नव्हतं." झालं, तेव्हापासून कुणाच्याही लिखाणात गोष्ट जुळली नाही की "तिकडची रेंज" एवढंच लिहायचं, सगळ्यांना कळतं. मला सांगा, हे कुठल्या पाठ थोपटण्यात बसतं? चांगला संपादक जे काम करतो तेच हे आहे, फक्त पगार नाही आणि सभ्यपणा थोडा कमी.

आणि ही काही आमची शोधलेली भानगड नाही. १९२३ मधे पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं, माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश वगैरे कवी एकत्र बसून एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. म्हणजे लेखाच्या भाषेत पक्कं परस्पर प्रशंसा मंडळ. आणि त्या काळच्या कवितेची यथेच्छ थट्टा आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' मधे केली, १९२५ साली, केशवकुमार नावाने. आता ती विडंबनं वाचताना जाणवतं की अत्र्यांना त्या कविता तोंडपाठ असल्यासारख्या माहीत होत्या, वृत्त, शब्द, कवीच्या लकबी, सगळं. ज्याने कविता वरवर चाळली त्याला विडंबन जमतच नाही. मित्रांनी वाहवा केली हेही बरं आणि बाहेरच्याने खेचली हेही बरं, दोन्ही हवं ना. आमच्याकडे एवढंच की मित्र आणि खेचणारा एकच असतो.

आमच्या कवयित्रीबाई वृत्तात लिहितात. मधे त्यांनी भुजंगप्रयातात कविता टाकली, म्हणजे मनाचे श्लोक ज्यात आहेत ते वृत्त, बारा अक्षरं, लघु गुरु गुरु असं चार वेळा. त्यातली ओळ होती, "तुझी वाट पाहून डोळे थकावे". विरहाची कविता, गंभीर. वीस मिनिटांत खाली मला उद्देशून विडंबन, कारण माझ्या कथेचा पुढचा भाग चार महिने रखडला होता:

"तुझा भाग यावा नि डोळे मिटावे"

मी हसून हसून वेडी झाले, पण बाईंनी काय केलं, आधी अक्षरं मोजली, गण लावले आणि लिहिलं, "वृत्त निर्दोष आहे, फक्त माझ्या कवितेचा खून झालाय." आणि त्याखाली काका, "'नि' ऱ्हस्व आहे. पास." आता सांगा महोदय, एका ओळीवर तीन माणसांनी इतकं बारकाईने बोललेलं तुमच्या पुरवणीत शेवटचं कधी झालं होतं? (हे कापाल माहितीये, पण लिहून बघितलं.)

विडंबनाचा परिणाम असा की पुढचा भाग मी त्याच आठवड्यात लिहिला. कोणी म्हटलं असतं "ताई तुमच्यात फार प्रतिभा आहे, लिहा" तर मी थँक्यू म्हणून झोपले असते. पण कोणीतरी आपल्या गोष्टीची वाट बघतंय हे एकदा कळलं ना की मग चैन पडत नाही. "पुभाप्र", पुढील भागाच्या प्रतीक्षेत, ही तीन अक्षरं दिसतात किरकोळ पण ऑफिस, घर, आजारपणं यातून वेळ काढून रात्री लिहिणाऱ्याला तेवढ्यानेच बसतं करतात. आम्हाला ना मानधन ना छापील नाव, आमच्या कथेला गिऱ्हाईक म्हणजे हीच दहा-बारा माणसं.

गेल्या वर्षी आम्ही एक उद्योगही केला. अमेरिकेत १९९९ साली एकवीस जणांनी मिळून महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचा विडा उचलला होता, त्यातले सहाच जण टप्पा गाठू शकले, पण पुढे त्याचं नॅनोरायमो नावाचं मोठं प्रकरण झालं, दर नोव्हेंबरात जगभरातून लोक लिहायला बसायचे. पन्नास हजार म्हणजे रोजचे साधारण १६६७ शब्द, आमच्या आवाक्याबाहेर. म्हणून आम्ही रोजचे तीनशे ठरवले, तीस दिवस, नऊ जण. रोज रात्री हजेरी द्यायची. ती हजेरीच खरं साहित्य होतं बघा. "आज ३०० झाले, त्यातले ४० 'आणि', सगळे ऱ्हस्व." "आज ११०, नायक दार उघडायला गेला तो अजून आला नाही." "आज शून्य, पण उद्या सहाशे." त्यावर लगेच, "हे तुम्ही मंगळवारी पण म्हणाला होतात." चौघांनी पूर्ण केलं, मी त्यात नाही, माझे एकवीस दिवस झाले. एकवीस दिवस! आयुष्यात मी सलग एवढे दिवस व्यायाम सुद्धा केलेला नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझं पत्रही अहो रूपम् होईल. एकदा एक नवीन मुलगा आला, पहिलीच कविता टाकली, पावसावर. आम्ही तिघं-चौघं नेहमीच्या सवयीने सुटलो, एकमेकांना करतो तशीच मस्करी, शेवटी "ह.घ्या." म्हणजे हलके घ्या हेही लिहिलं, स्माइली टाकल्या. तासाभरात त्याने कविता काढून टाकली आणि निघून गेला. मी त्याला वेगळा मेसेज करून माफी मागितली, उत्तर आलं नाही. स्माइलीचं एक आहे, १९८२ च्या सप्टेंबरात स्कॉट फालमन नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी ती कंसवाली हसरी खूण सुचवली तीच मुळी यासाठी की संगणकावर लिहिलेला विनोद लोकांना विनोद म्हणून कळत नव्हता. चाळीस वर्षं उलटली तरी नुसत्या खुणेने काम भागत नाही. आवाज नाही, चेहरा नाही, समोरच्याला आपली ओळख नाही, त्याच्यासाठी ते नुसतं चार लोकांनी मिळून हसणंच होतं. काकांच्या त्या अकरा "आणी" च्या आधी "कथा आवडली" हे दोन शब्द होते, आम्ही तेवढे सुद्धा लिहिले नव्हते.

तेव्हापासून आमच्यात न लिहिलेला नियम आहे, नवीन माणसाची पहिली चेष्टा त्याने स्वतःची स्वतःच करायची. तो एकदा "माझी पण एक जिलबी पाडतो" (आमच्या भाषेत, जमेल तसं सुमार काहीतरी लिहून टाकतो) असं म्हणाला की समजायचं, आला आपल्यात. तोवर सरळ वाचायचं आणि सरळ सांगायचं, काय आवडलं, कुठे अडखळलो. कंटाळवाणं असतं पण चालतं.

तर संपादक महोदय, लेखकांना माझा निरोप द्या. आम्हाला बिनधास्त धुवा, आमचं लिखाण टुकार आहे असं खुशाल म्हणा, त्यातलं निम्मं आहेच टुकार. पण लेखात आमच्या कुणाच्याच लिखाणातली एकही ओळ नव्हती हो. एखादी कथा, कविता पूर्ण वाचून मग टर उडवली असती तर आम्ही तो लेख मानाने मिरवला असता. अजूनही वेळ गेलेली नाही, माझ्या कथेचे आठ भाग तयार आहेत. नववा लिहायचाय.

आपली,
एक उंट

ता.क. हे पत्र पाठवायच्या आधी गटात टाकलं होतं. काकांनी सात चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्यात, शिवाय तुमच्या लेखातल्या तीन काढल्या, त्या हव्या असतील तर वेगळ्या पाठवते. कवयित्रीबाईंचं म्हणणं पत्र लांबलंय, पण उंटाकडून दुसरी काय अपेक्षा. आणि त्या पोराने फक्त एवढंच लिहिलंय, "शेवटी क्रमशः टाकू नका म्हणजे मिळवली."