लसीच्या नावापुढचा आकडाही छापा

महोदय,

न्यूमोनियाच्या लसीची बातमी आली की ‘न्यूमोनियावर लस’ असा मथळा आणि खाली परिणामकारकतेची टक्केवारी, एवढे हमखास असते. यातले काही खोटे नाही, पण कामाची गोष्ट मधल्यामधे गळते. मुळात न्यूमोनियाची अशी लस नाहीच. असते ती न्यूमोकॉकस या जिवाणूच्या मोजक्या सिरोटाइपांवरची, म्हणजे आवरणावरून ठरणाऱ्या प्रकारांवरची : उदाहरणार्थ १०, १३, १५ किंवा २० प्रकारांवरची. तो आकडा लसीच्या नावात असतो आणि बातमीत मात्र सापडत नाही.

न्यूमोकॉकसभोवती शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचे आवरण असते. आपली प्रतिपिंडे त्या आवरणाला चिकटतात आणि मग पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळतात. हे आवरण सगळ्या न्यूमोकॉकसचे सारखे नसते. त्याचे शंभरएक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला बहुधा ओळखत नाहीत. हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी या जिवाणूच्या लसीचे नशीब चांगले. हिमोफिलसच्या आवरणाचे प्रकार सहाच, आणि बालकांतला गंभीर आजार जवळजवळ सगळा ‘बी’ या एकाच प्रकाराने होत असे. एका प्रकाराची लस पुरली. न्यूमोकॉकसच्या बाबतीत ती सोय नाही.

दोन प्रकार किती सारखे असले म्हणजे एकाची लस दुसऱ्याला चालेल, हे नुसत्या रासायनिक रचनेवरून सांगता येत नाही. न्यूमोकॉकसच्या ६-ए आणि ६-बी या प्रकारांत फरक एका दुव्याचा : साखळीतले रॅम्नोज रिबिटॉल या शेजारच्या घटकाला एकात तिसऱ्या कार्बनवर जोडलेले, दुसऱ्यात चौथ्या. १९-ए आणि १९-एफ यांच्यातही फरक एकाच दुव्याचा : ग्लुकोज रॅम्नोजच्या तिसऱ्या कार्बनवर की दुसऱ्या. अमेरिकेत २००० साली आलेल्या सात प्रकारांच्या लसीत ६-बी आणि १९-एफ होते. त्यांची भावंडे आपोआप आटोक्यात येतील, असा हिशेब होता. ६-एच्या बाबतीत तो बऱ्यापैकी जमला. १९-एच्या बाबतीत साफ चुकला. काही वर्षांतच तिथल्या मुलांच्या गंभीर आजारात १९-ए आघाडीवर गेला आणि २०१० मध्ये १३ प्रकारांच्या लसीत त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागली. भरीस भर म्हणजे, इतकी वर्षे ६-ए म्हणून मोजलेल्या काही नमुन्यांत ६-सी हा वेगळाच प्रकार दडला होता, हे २००७ मध्ये कळले. ६-बीच्या लसीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नव्हता.

हा जिवाणू आवरण बदलूही शकतो. मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए उचलून आपल्यात सामावून घेण्याची त्याची हातोटी फ्रेडरिक ग्रिफिथ या ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगात दाखवली होती. लसीनंतर फोफावलेल्या १९-एच्या काही वंशावळी तपासल्या, तेव्हा आतला जिवाणू लसीत असलेल्या ४ क्रमांकाच्या प्रकाराचा आणि आवरण १९-एचे, असे निघाले. लसीने बंदोबस्त केलेलाच जिवाणू अंगरखा बदलून परत आला होता.

मग सगळेच प्रकार एका कुपीत का घालत नाहीत, हा वाचकांचा रास्त प्रश्न. कारण प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळी लसच असते. प्रत्येकाचा जिवाणू वेगळ्या टाकीत वाढवायचा, पेशी फोडून शर्करा वेगळी करायची, पेशीभित्तीची चिकटून आलेली शर्करा काढून टाकायची, साखळ्या योग्य लांबीच्या करायच्या, रसायनाने सक्रिय करायच्या आणि वाहक प्रथिनाला जोडायच्या. हे प्रथिन बहुधा सीआरएम-१९७, म्हणजे घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी रूप. सक्रिय करण्याच्या पायरीवर पेरिआयोडेट हे रसायन जास्त पडले की शर्करेची कडी उघडते आणि प्रतिपिंडांनी ओळखायचा भागच नाहीसा होतो. कमी पडले तर जोडणी नीट होत नाही. हे प्रमाण प्रत्येक प्रकाराला वेगळे. ६-एची साखळी ६-बीपेक्षा लवकर तुटते, म्हणून २३ प्रकारांच्या जुन्या लसीत ६-बी घेतला गेला. १३ प्रकारांच्या लसीच्या अर्ध्या मिलिलिटरच्या मात्रेत बारा प्रकारांची शर्करा प्रत्येकी २.२ मायक्रोग्रॅम, ६-बीची ४.४ आणि वाहक प्रथिन सुमारे ३४ मायक्रोग्रॅम असते. प्रकार वाढवले की प्रथिनही वाढते, आणि आधीच्या प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडे काहीशी कमी पडतात. २० प्रकारांची लस १३च्या लसीशी ताडून पाहिली तेव्हा सामायिक प्रकारांत हे दिसले.

प्रकार कुपीत असला म्हणजे काम झाले, असेही नाही. ३ क्रमांकाचा प्रकार १३च्या लसीत आहे, तरी त्याच्यावरचा परिणाम इतरांच्या मानाने दुबळा. त्याचे आवरण पेशीभित्तीला घट्ट जोडलेले नसते. ते सुटून भोवती तरंगते आणि प्रतिपिंडे जिवाणूपर्यंत पोचण्याआधीच त्यात अडकून संपतात. नवी लस मंजूर करताना मिलिलिटरला ०.३५ मायक्रोग्रॅम प्रतिपिंडे हा जो उंबरठा वापरतात, तो अनेक प्रकारांची मिळून काढलेली सरासरी आहे. ३ क्रमांकाला ती पुरत नाही. म्हणून नुसती प्रतिपिंडे न मोजता ती जिवाणू खरोखर मारवतात का, ही चाचणीही करावी लागते.

आवरण सोडून प्रथिनांवर लस करा, असे सुचवणे सोपे आहे. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस-बी या जिवाणूच्या बाबतीत तर तसे करावेच लागले, कारण त्याच्या आवरणाची शर्करा मानवी चेतापेशींवरच्या शर्करेसारखी आहे आणि शरीर तिला परके मानत नाही. त्याचा जनुकसंच २००० साली वाचून शेकडो प्रथिने चाळली गेली आणि २०१३ मध्ये युरोपात लस मंजूर झाली. पण तिच्यातल्या एफएचबीपी या प्रथिनाचेही तीन मुख्य प्रकार आहेत. लसीत पहिला आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याविरुद्ध त्याचा उपयोग कमी. शिवाय जनुक जुळले तरी जिवाणू ते प्रथिन पुरेसे बनवतो की नाही, हे वेगळे मोजावे लागते. प्रथिनांमुळे प्रकारांचा प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता टक्केवारीकडे. समजा, लसीआधी १०० गंभीर रुग्ण आहेत. त्यांतले ७० लसीतल्या प्रकारांचे, ३० बाहेरच्या. लस आपल्या प्रकारांवर ९० टक्के चालली तर ६३ रुग्ण टळले. ‘९० टक्के परिणामकारक’ हेही खरे आणि ‘रुग्ण ६३ टक्क्यांनी घटले’ हेही खरे. पुढे नाक-घशात मोकळी झालेली जागा बाहेरच्या प्रकारांनी घेतली आणि ते ३०चे ४५ झाले, तर एकूण घट ४८ टक्के. लस मात्र तीच, तितकीच चांगली. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. मागाहून येणारे प्रकार मुलांमध्ये सहसा कमी आक्रमक असतात, तेव्हा यावरून कोणी लस टाळू नये.) त्यात विषाणूंमुळे होणारा न्यूमोनिया मिसळला की टक्केवारी आणखी खाली येते, आणि मग ‘लस फसली’ असा मथळा येतो.

बाहेरचे प्रकार वाढले की नाही, हे कळण्यासाठी लस सुरू होण्याआधीपासून नमुने घ्यावे लागतात, आणि तिथेही चुका होतात. रुग्णाला प्रतिजैविक देऊन झाल्यावर रक्त घेतले तर जिवाणू वाढतच नाही. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेला स्वॅब दूध-ग्लिसरॉलच्या द्रावणात ठेवून उणे ७० अंशांवर साठवला नाही तर वाया जातो. सर्वात सहज होणारी चूक थाळीवरची : रक्त-अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर वाढलेल्या वसाहतींतून एकच उचलून प्रकार ठरवला, तर त्याच नाकात राहणारा दुसरा प्रकार नोंदलाच जात नाही. पुढे तोच वाढला की तो नवा आला असे वाटते.

तेव्हा लसीच्या बातमीत तीन गोष्टी द्याव्यात, ही विनंती : लसीत कोणते प्रकार आहेत, टक्केवारी त्याच प्रकारांच्या आजाराची आहे की सगळ्या न्यूमोनियाची, आणि ती लस सुरू झाल्यावर किती वर्षांनी मोजली. याला दोन ओळी लागतात. मथळा हवा तर तोच राहू द्या.

आपले,
लससंशोधन क्षेत्रातील दोन वाचक