पिल्लाला आईकडून न मिळालेले जिवाणू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्यक आहे. पोल्ट्रीत मेलेली पिल्ले चिरून पाहणे हे माझे रोजचे काम. क्लॉस्ट्रिडियम या रोगजंतूने आतड्याचे अस्तर खरखरीत टॉवेलासारखे झालेले दिसले की वाईट वाटते, कारण या पिल्लाला पहिल्या दिवशीच योग्य सोबती, म्हणजे चांगले जिवाणू, मिळाले असते तर ते कदाचित वाचले असते.

कोंबडीखाली उबलेले पिल्लू तिच्यामागे उकरत, टिपत फिरते आणि तिच्या विष्ठेतले जिवाणू आपसूक त्याच्या पोटात जातात. हॅचरीतले पिल्लू २१ दिवसांनी यंत्रातून बाहेर येते, आईला बघतही नाही. त्याच्या मोकळ्या आतड्यात जो आधी शिरेल तो ठाण मांडतो. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी दाखवले, की निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज कोवळ्या पिल्लांना पाजला तर साल्मोनेला हा रोगजंतू त्यांच्यात सहज रुजत नाही. म्हणून पिल्लांना द्यायचे चांगले जिवाणू (प्रोबायोटिक) शोधायचे ते कोंबडीच्याच पोटात, विशेषतः अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत. दह्यातला जिवाणू कोंबडीच्या ४१ अंशांहून अधिक तापमानाच्या शरीरात तग धरेलच असे नाही.

पण सापडला म्हणजे झाले, असे नाही. पोटातले आम्ल आणि पुढचे पित्त तो सोसतो का, आतड्याच्या अस्तराला चिकटतो का, रोगजंतूला रोखतो का, हे सगळे तपासावे लागते. प्रयोगशाळेच्या बशीत साल्मोनेलाच्या थरात स्वतःभोवती छान मोकळे वर्तुळ पाडणारा जिवाणू जिवंत पक्ष्यात निष्प्रभ ठरू शकतो. गोळीखाद्य बनवतानाच्या उष्णतेत लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू बहुधा मरतात; बॅसिलस गटाचे बीजाणू (जिवाणूचे कणखर, सुप्त रूप) मात्र टिकतात.

सर्वांत कळीची चाचणी वेगळीच आहे. जिवाणू एकमेकांना प्रतिजैविक-प्रतिरोधाची, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना दाद न देण्याची, जनुके देतात. वर्षानुवर्षे औषधे खाल्लेल्या कळपातून उचललेला ‘चांगला’ जिवाणू अशी जनुके घेऊन आला, तर ती आपण स्वतःच्या हाताने हजारो पक्ष्यांत पेरतो, आणि तिथून ती माणसांच्या रोगजंतूंपर्यंत पोचू शकतात. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले ते याच धास्तीने. त्यांच्या जागी आणलेल्या प्रोबायोटिकनेच तो प्रतिरोध पसरवला तर काय मिळवले? म्हणून औषधाचा थेंबही न घेतलेल्या, मोकळ्यावर वाढलेल्या कोंबड्यांमधले जिवाणू अलग करून जपून ठेवायला हवेत. असे कळप कमी होत चालले आहेत, आणि ही घाई मला खरोखर जाणवते.

कुक्कुटपालकांनाही विनंती, की पिशवीवर नुसते ‘उपयुक्त जिवाणू’ एवढेच छापले असेल तर विक्रेत्याला विचारा: जिवाणूची जाती कोणती, त्यातला वाण (स्ट्रेन) कोणता, मुदत संपेपर्यंत जिवंत किती राहतात आणि प्रतिरोधक जनुकांची तपासणी झाली आहे का?

आपला,
एक पशुवैद्यक वाचक