पट्टी खोटी, माप खरं

प्रिय मनू,

परवा फोनवर म्हणालीस की शाळेतल्या पोरांना मेकॅनिकल इंजिनिअरिंग सांगायचंय, गोष्टी नि कोडी घालून, आणि गिअर-स्प्रिंगच्या पलीकडं काही सुचेना झालंय. तेव्हा भट्टी चालू होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून आता जेवून निवांत टाईप करत बसलोय.

तू पाठवलेली कोडी वाचली. 'दात आहेत पण चावत नाही' हे गिअरला लागू पडतं तसं कंगव्यालाही पडतं. पोरी, पार्ट दिसतो कसा यावर कोडं घालू नको, त्याची अडचण काय होती त्यावर घाल. प्रत्येक पार्ट कुठल्यातरी अडचणीपायीच जन्माला आलेला असतो, ती सापडली की गोष्ट आपोआप मिळते.

आता आपल्या पॅटर्नच्या, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्याच्या, कामातलंच घे की. 'पट्टी खोटं बोलते म्हणून माप खरं येतं', ओळख बघू. आपली श्रिंकेज पट्टी! ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आकसतं, साधारण मीटरमागं 10 मिलिमीटर, स्टील तर जवळजवळ दुप्पट, मग पॅटर्न तेवढा जास्तीचा मोठा करायला लागतो आणि दर मापाला हिशोब कोण करत बसणार, म्हणून पट्टीवरचे आकडेच ताणून छापलेले. बिडाची पट्टी वेगळी, स्टीलची वेगळी. पोरांपुढं साधी पट्टी आणि ही पट्टी शेजारी शेजारी ठेव आणि यातली खरी कुठली एवढंच विचार, भांडू देत त्यांना.

दुसरं कोडं: 'मी असतो तिथं लोखंड येत नाही, मी फुटलो की वस्तू पुरी होते.' कोअर. पंपाची बॉडी आतून पोकळ पाहिजे, मग त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर साच्यात बसवायचा, भोवतीनं वितळलेल्या लोखंडाचा 1300-1400 डिग्रीचा रस ओतायचा आणि गार झाल्यावर कोअर फोडून काढायचा. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. रस अंगावर आला तरी हलायचं नाही इतका तो घट्ट पाहिजे आणि काम झाल्यावर सहज चुरा झाला पाहिजे इतका ठिसूळही पाहिजे, आणि हे दोन्ही एकाच वाळूकडनं मागायचं! तुमच्या कॉलेजात ज्याला प्रॉडक्ट डिझाईन म्हणतात ते मला तरी इथंच दिसतं, कॉम्प्युटरवर गुळगुळीत आकार काढण्यात नाही.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तर तुझ्या ओळखीचेच. 'ज्याला अडवायला उभा केला, त्यानंच ढकलल्यावर वाट देतो.' पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याचा जोर तोलाच्या वजनाला भारी पडतो आणि दरवाजा आपोआप उघडतो, एका दरवाजातनं 1428 क्युसेक पाणी सुटतं, आणि पातळी उतरली की परत बंद. बटण दाबायला माणूस नको. पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला म्हणून आख्खं कोल्हापूर विचारत असतं, पण तो कसा उघडतो हे किती जणांनी विचारलं असंल?

आणि खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ आठवतोय ना. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता इथंच कोल्हापुरात कॅमेरा बनवला आणि 1920 साली 'सैरंध्री' हा सिनेमा आणला. त्यावरचं कोडं: 'थांबत थांबत चालतो म्हणून चित्र न थांबता दिसतं.' फिल्म सलग ओढली तर सगळं फराटे मारल्यासारखं येणार, म्हणून एक चौकट थांबवायची, उजेड आत घ्यायचा, शटर झाकायचं, फिल्म एक घर पुढं सरकवायची, परत थांबवायची, आणि हे सेकंदाला सोळाएक वेळा, तेही हातानं हँडल फिरवून. हँडल गोल फिरतंय आणि फिल्म मात्र टप्प्याटप्प्यानं पुढं जातीय, हे कसं जमलं असंल हे पोरांना पुठ्ठा नि टाचण्या देऊन करायला लाव. उत्तर लगेच सांगू नको.

उद्या कुरिअरनं एक छोटी कोअर बॉक्स (वाळू दाबून कोअर करायची पेटी) आणि जुनी श्रिंकेज पट्टी पाठवतोय. वाळू तिथंच बघ, बारीक चाळलेली घे, थोडी ओली करून मुठीत दाबायची, मूठ उघडल्यावर ढेकूळ टिकलं तर पाणी बरोबर आहे, हाताला चिकटलं तर जास्त झालंय. पोरांना आधी तेवढंच करू दे.

बाबा