पाश्चात्त्यीकरण ही शिवी नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या नागपुरात लग्नात केक कापला, पोरीनं जीन्स घातली की कोणी ना कोणी म्हणतंच, बघा हे पाश्चात्त्यीकरण, संस्कृती बुडाली. हा शब्द असा शिवीसारखा फेकतात ते मला मनापासून खटकतं.

समाजशास्त्रात हा शब्द रूढ केला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी, आणि मुद्दाम हाच घेतला, कारण आधुनिकीकरण म्हटलं की ते चांगलंच असं आपण धरून चालतो, पाश्चात्त्यीकरण म्हटलं की चांगलं-वाईट आधी ठरलेलं नसतं. इंग्रजांच्या दीडशे वर्षांच्या राज्यात इथं जे जे बदललं, तंत्रज्ञान, संस्था, विचार, मूल्यं, ते सगळं त्यात आलं. म्हणजे काटे-चमचेच नाही, रेल्वे, छापखाना, कोर्ट, तुमचं वर्तमानपत्र सुद्धा.

संविधान चौकातला बाबासाहेबांचा सुटातला पुतळा बघा. ज्यांना अंगावर धड कपडा घालायची सुद्धा बंदी होती त्यांच्यासाठी तो सूट म्हणजे साहेबाची नक्कल कशी होईल, तो बरोबरीचा हक्क आहे, दीक्षाभूमीवर गावोगावहून येणारी म्हातारी माणसं त्याच सुटातल्या फोटोला हात जोडतात. आणि तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेताना पांढरं धोतर आणि वरून पांढरा कोट घालून होते. काय घ्यायचं, काय ठेवायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

राग यायचाच असेल तर तो न ठरवता चाललेल्या गोष्टींचा यावा. एप्रिलमध्ये पारा ४३ वर असतो आणि पहिलीतलं पोरगं टाय, मोजे, काळे बूट घालून दुपारी ऑटोतून उतरतं, कॉलर काढली तर मान घामोळ्यांनी लालभडक. हा पोशाख थंड मुलखातला. वकिलांना सुद्धा बार कौन्सिलच्या नियमानं सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, मग लेकरांनाच काहून?

शाळांनी मार्चपासून टाय आणि बूट बंद करावेत, सुती शर्ट आणि सँडल चालतील अशी नोटीस फेब्रुवारीतच लावावी, म्हणजे पालकांचा नव्या बुटांचा खर्चही वाचेल. पालक सभेत हा विषय आम्ही काढला की डिसिप्लिनचं कारण पुढे येतं. तुम्ही हे छापलं तर निदान चर्चा तरी होईल.

एक पालक, नागपूर