नोटरीच्या कागदाने विवाह संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या आपल्या मराठी कुटुंबांतही स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून, नोटरीचा शिक्का घेतला की विवाह संपला असे समजणारे लोक आहेत, याची फार चिंता वाटते. कारण एखाद्या समाजातील घटस्फोटाच्या मान्य रूढीचा अपवाद सोडल्यास हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय घटस्फोट होत नाही आणि अशा कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते.

दोघांची संमती असल्यास किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर कलम १३-ब खाली संयुक्त अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिने थांबण्याची मुदत योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते.

एकाचाच आग्रह असेल तर क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग यांसारखे कारण पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि साक्षी-उलटतपासणीत वर्षे जातात. या काळात माहेरी परतलेल्या मुलीला कलम २४ खाली अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो. शिवाय लग्न पुण्यात झालेले असले तरी ती इथे राहत असल्यास इथल्याच कुटुंब न्यायालयात अर्ज करू शकते, हे तिच्या आईवडिलांना कोणी सांगतच नाही. आपल्या दैनिकाने याविषयी जाणकार वकिलांचे सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
रामबाग, इंदूर