ती तीन मिनिटं आमच्या पोरांना द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत रोबोंच्या मारामारीवर आलेला लेख वाचला, आमच्या घरात तर दोनदा वाचला गेला, पण एक गोष्ट त्यात राहिली म्हणून लिहायला बसलोय. टीव्हीवर जे दिसतं त्याबद्दल सगळे लिहितात, पण जे शूट होतं आणि नंतर कुठेच दिसत नाही त्याचं काय?

माझी मुलगी मेकॅनिकलला होती तेव्हा तिच्या कॉलेजच्या टीमला एका चॅनेलकडून फोन आला, की रोबोवॉरचा मराठी शो करायचाय, आधी एक पायलट शूट करू, तो वरच्या लोकांना आवडला की सीरिज सुरू. आठ टीम बोलावल्या होत्या. परीक्षा तोंडावर, तरी पोरांनी रात्र रात्र जागून बॉट, म्हणजे लढणारा रोबो, उभा केला, १५ किलोचा, समोरच्याला मारायला पुढे फिरणारा ड्रम, हार्डॉक्स नावाच्या कडक पोलादाच्या प्लेटा भोसरीतून लेझर कट करून आणलेल्या, आणि निम्मा खर्च स्वतःच्या खिशातून. ड्रम मिनिटाला ८,००० फेरे घ्यायचा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते हे बारावीत सगळेच शिकतात, पण तो ड्रम पहिल्यांदा पूर्ण स्पीडला गेला आणि वर्कशॉपची खिडकी थरथरली तेव्हा मला ते खरं कळलं.

शूटिंग दोन दिवस चाललं, मीही गेलो होतो. फाइट तीन मिनिटांची. दुसऱ्या मिनिटाला आमच्या बॉटने समोरच्याच्या वेजला, म्हणजे पुढच्या उतरत्या पात्याला, जोरात धडक दिली, ठिणग्या उडाल्या आणि ड्रम बंद. हरलो. पिटमध्ये येऊन उघडून बघितलं तर बेल्ट शाबूत, मोटर शाबूत, शाफ्टवरची ‘की’, म्हणजे फिरणारा दांडा आणि त्यावरचा भाग एकत्र फिरावेत म्हणून मध्ये बसवलेली छोटी पट्टी, मात्र मधोमध कापलेली. सगळे म्हणाले, ही ‘की’च कच्ची होती, कडक मटेरियलची टाका. पण चॅनेलवाल्यांकडे स्लो मोशनचा कॅमेरा होता आणि त्यांच्या मॉनिटरवर तो क्षण एकदाच लावला होता, तेव्हा माझी मुलगी बाजूला उभी होती. ती म्हणते की धडकेच्या आधीच उजवीकडचा बेअरिंग ब्लॉक, म्हणजे शाफ्टचं टोक धरून ठेवणारा ठोकळा, वर उचलला गेला होता, म्हणजे बोल्ट सैल झाले, ड्रम तिरका होऊन अडकला आणि मग ‘की’ गेली. तिचं कोणी ऐकलं नाही, तिलाही दाखवून देता येईना. ‘की’ कडक केली. पुढच्या स्पर्धेत ‘की’ टिकली आणि शाफ्टच तुटला. ‘की’ हा मुद्दाम नाजूक ठेवलेला भाग असतो, तो जातो आणि महागडा शाफ्ट वाचतो, हे आता त्या टीममधल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण त्याची किंमत एक अख्खी स्पर्धा.

पायलट काही लागला नाही. आधी म्हणाले दिवाळीनंतर, मग स्लॉट नाही, मग आमच्याशी बोलणारा माणूसच नोकरी सोडून गेला. शो नाही झाला तर नाही झाला, धंदा आहे, पैशाचं गणित बसलं नसेल, ते मी समजू शकतो. पण आम्ही फक्त आमच्या फाइटचं फुटेज मागितलं होतं, तेही टीमपुरतं, कुठे टाकणार नाही असं लिहून द्यायला तयार होतो, तर उत्तर आलं की ती चॅनेलची प्रॉपर्टी आहे. बॉट पोरांचा, मेहनत पोरांची, हार पोरांची, आणि ती हार बघायचा हक्क मात्र त्यांना नाही. हे मला आजही पटत नाही.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. बॅटलबॉट्स हा रोबोंच्या मारामारीचा शो २००० ते २००२ अमेरिकेत टीव्हीवर गाजला, मग बंद पडला. २००९ साली कॅलिफोर्नियात पुन्हा स्पर्धा घेतली, सीबीएसच्या कॉलेज स्पोर्ट्स चॅनेलशी बोलणं झालेलं, कॉलेजच्या पोरांच्या टीमही उतरल्या, पण ते टीव्हीवर आलंच नाही. बॅटलबॉट्स टीव्हीवर परत दिसलं ते २०१५ ला, एबीसीवर. मधल्या काळात ज्यांनी बॉट बनवले त्यांचं काम जगाने बघितलंच नाही.

आणि बघितलं की काय होतं तेही समोर आहे. रोबोट वॉर्स नावाची स्पर्धा मार्क थॉर्प नावाच्या माणसाने १९९४ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली, रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटपटीतून त्याला ही कल्पना सुचली होती. १९९८ ला रोबोट वॉर्स बीबीसीवर आलं आणि पहिलीच सीरिज जिंकली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन गावच्या शाळेच्या टीमने, रोडब्लॉक नावाच्या बॉटने. एका लहान गावची शाळा! अख्ख्या देशाने ते बघितलं. आपल्याकडे पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉरला जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते, ब्राझीलच्या टीमसुद्धा येऊन खेळून गेल्यात. त्याच ब्राझीलच्या रिओबॉट्झ टीमने बॉट कसा बनवायचा याचं जाडजूड मॅन्युअल सगळ्यांना फुकट देऊन टाकलंय, शाफ्ट कसा निवडायचा, बोल्ट किती जाडीचा घ्यायचा, सगळं त्यात आहे. आमच्या पोरांनी त्यावरूनच सुरुवात केली. स्पर्धेत समोर उभे राहणारे लोक स्वतःची विद्या अशी वाटतात, आणि आपण पोरांना त्यांचीच तीन मिनिटं देत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगायच्यात. कॉलेजच्या सरांनी आणि टीम लीडरनी शूटिंगला हो म्हणायच्या आधी कागदावर लिहून घ्यावं, की शो लागो न लागो, महिन्याभरात प्रत्येक टीमला तिच्या फाइटचं कच्चं फुटेज मिळेल, सगळ्या कॅमेऱ्यांचं, स्लो मोशनसकट. आम्ही ते केलं नाही, त्या वयात पोरं टीव्हीचं नाव ऐकूनच हुरळतात आणि आम्ही मोठेही हुरळलो. दुसरं चॅनेलवाल्यांना, जे असे पायलट करतात आणि गुंडाळून ठेवतात. त्यातलं तुम्हाला नको असलेलं आमच्या फार कामाचं असतं.

मुलगी आता नोकरीला लागली, टीममध्ये नवी पोरं आलीत आणि यंदाही ड्रमचाच बॉट करतायत, बेअरिंग ब्लॉक तसाच, बोल्ट तेवढेच. ती फोनवर त्यांना सांगते की बोल्ट वाढवा, पोरं विचारतात कशावरून. ती हार्ड डिस्क ज्या कोणाच्या कपाटात असेल त्यांनी हे पत्र वाचलं तर तेवढी एक फाइट कॉलेजला पाठवून द्यावी, प्लेटा अजून कटिंगला गेलेल्या नाहीत.

– रोबोवॉर खेळलेल्या एका मुलीचे वडील, चिंचवड