पुण्याच्या काकांना, क्लेझ्मरच्या रेकॉर्डांबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "सुई बदललीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारच्या आजींनी घर आवरताना आपल्या वडिलांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला साधारण ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी मला दिल्या. त्या साफ करून त्यांच्या प्रती कशा करायच्या, हे तुम्ही फोनवरून शिकवलंत. बहुतेक क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात वाजणारं संगीत. एब श्वार्ट्झचा ऑर्केस्ट्रा, नफ्तुले ब्रँडवाइनची क्लॅरिनेट. ही मंडळी न्यूयॉर्कला आली आणि तिथे रेकॉर्ड झाली. मागे राहिलेल्या वादकांपैकी कितीतरी जण नाझींच्या संहारात गेले, त्यामुळे या तीन-तीन मिनिटांच्या बाजूंना फार मोल आहे.

तुम्हाला क्लेझ्मर नवं होतं, पण या रेकॉर्डी ज्यापासून बनत ती लाख नवी नव्हती. पहिल्याच फोनवर तुम्ही बजावलंत, "स्पिरिट लावायचं नाही! पॉलिशवाले लाख कशात विरघळवतात?" नंतर हेही सांगितलंत की तेव्हा जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः भारत, त्यातही छोटा नागपूरकडचा पळस-कुसुमाचा पट्टा. म्हणजे न्यूयॉर्कच्या या रेकॉर्डींतही आपल्याकडची लाख असणार.

सगळ्यात मोठी मदत झाली ती वेगाची. कोलंबिया कंपनीच्या ई-मालिकेतली, स्थलांतरितांसाठी काढलेली एक रेकॉर्ड मी ७८ने वाजवून पाठवली. तुम्ही पेटी पुढ्यात ओढलीत आणि म्हणालात, "सूर काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे लोंबकळतोय." १९२५च्या आधी, माइक नसताना भोंग्यासमोर वाजवून घेतलेल्या रेकॉर्डी सगळ्याच काही नेमक्या ७८च्या नसतात. ८०ने फिरवली आणि क्लॅरिनेट पांढरी दोनवर येऊन बसली. मग तुम्ही गत ऐकलीत आणि हसलात, "अरे, हे स्वर बसंत मुखारीचे!" रागाशी नातं नाही, हे तुम्हीच लगेच बजावलंत. पण कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारी ती उडी मला आता दरवेळी तुमच्या आवाजात ऐकू येते.

खरखर काढायच्या सॉफ्टवेअरचा मला मोह होता. तुम्ही म्हणालात, "आधी जशीच्या तशी प्रत कर, खरखरीसकट. ती ठेव, मग दुसरीवर काय वाटेल ते कर." खरखरीबरोबर व्हायोलिनच्या गजाचा श्वासही जातो, हे मला दोन्ही प्रती शेजारी ठेवून ऐकल्यावर पटलं. लेबलाच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर बॅटरी तिरपी धरून मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा कंपनीने कोरलेला क्रमांक वाचायचा, हेही तुमचंच. लेबलवरचं नाव फसवतं, एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या नावांनी विकलं जायचं. नंबर मात्र सांता बार्बराच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचीत सापडतो आणि तारीखही मिळते.

आता प्रती आणि नोंदी तयार आहेत. मूळ रेकॉर्डी फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या ज्यू ध्वनिसंग्रहाला द्याव्यात, असं आजींच्या मनात आहे. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. वडिलांची आवडती बाजू योग्य पट्टीत ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "या तुमच्या काकांना जेवायला बोलाव."

पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून ७८साठीच्या तीन मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन सुया पाठवतोय. आणि ब्रँडवाइनची एक बाजू अजून सुरात बसत नाहीये, तिची फाइल पाठवली आहे. सवडीने पेटी काढा.

आपला,
न्यू जर्सीतला विद्यार्थी